जुन्या केसचा कागद बरोबर न्या: रोझेनबर्गजवळच्या पिस्तूल परवाना क्लासचा अनुभव

टेक्सासमध्ये रोझेनबर्गच्या पुढे ३६ नंबरच्या हायवेवर आमचं छोटं दुकान आहे. पेट्रोल, दूध-अंडी, बिअर, लॉटरी. ह्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हापासून रात्री अकराला दुकान बंद करून गल्ल्यातली रोकड घरी आणायचं काम माझ्याकडे आलं. दुकानाच्या दारापासून गाडीपर्यंत वीस पावलं आहेत आणि मधला दिवा वर्षातून चार महिने बंद असतो. त्या वीस पावलांसाठी मी परवाना काढायचं ठरवलं. पण पंधरा वर्षांपूर्वी माझ्यावर एक केस झाली होती. आपल्याला परवाना मिळेल का, अर्ज केला आणि नाकारला तर आणखी काही अंगाशी येईल का, या काळजीने मी दोन वर्षं नुसती घालवली.

त्यामुळे हा रिव्ह्यू क्लासचा असला तरी निम्मा जुन्या केसबद्दल आहे. आपल्या लोकांत अशी केस कुणी बोलून दाखवत नाही. आणि बोलत नाही म्हणून चुकीचे सल्ले फिरतात.

क्लासचं नाव देत नाही. शिकवणारे सर एकटेच चालवतात, शनिवारी वीसच जागा असतात, आणि नाव ऑनलाइन टाकू नका असं त्यांनीच सांगितलं. वय पासष्टच्या आसपास, शेरिफच्या खात्यातून निवृत्त झालेले. माझे ८५ डॉलर गेले, पिस्तूल त्यांचंच भाड्यानं घेतलं त्याचे १५ आणि काडतुसांचे वेगळे. पैशाचा पुरेपूर मोबदला मिळाला. पाचपैकी साडेचार.

आधी एक शंका काढून टाकते, कारण दुकानात येणारा प्रत्येक जण मला तीच विचारतो. १ सप्टेंबर २०२१ पासून टेक्सासमध्ये एकवीस वर्षांवरच्या, कायद्यानं बंदी नसलेल्या माणसाला पिस्तूल बाळगायला परवाना लागत नाही. मग काढायचा कशाला? माझी कारणं अशी. दुकानातून घरी जाताना रस्त्यात एक प्राथमिक शाळा आहे. शाळेपासून हजार फुटांच्या आत पिस्तूल बाळगण्यावर केंद्राच्या कायद्याची बंदी आहे आणि त्या राज्याचा परवाना असणाऱ्याला त्यातून सूट आहे. गाडी चालवताना हजार फूट कोण मोजत बसणार? दुसरं, आमची थोरली लुइझियानात शिकते. तिकडे जाता-येता टेक्सासचा परवाना चालतो. तिसरं कारण मनाचं. सरकारनं माझा सगळा इतिहास तपासावा आणि ‘हिच्या हातात पिस्तूल असायला हरकत नाही’ असं लेखी द्यावं, असं मला वाटत होतं. केस झालेल्या माणसाला या कागदाची किंमत कळेल.

आता ती केस. ऑगस्ट २००९. तेव्हा आम्ही ह्यांच्या एका नात्यातल्या माणसाच्या दुकानात काम करत होतो. शनिवारची संध्याकाळ, काउंटरवर सात-आठ जणांची रांग. जर्सी घातलेला एक उंच मुलगा सहा बिअरचा पॅक घेऊन आला. मी आयडी बघितला नाही. दोन मिनिटांत साध्या कपड्यांतले दोन अधिकारी आत आले. मुलगा सोळा वर्षांचा होता आणि त्यांनीच पाठवला होता. अल्पवयीन माणसाला दारू विकणं हा टेक्सासमध्ये क्लास ए मिसडिमीनर (कमी गंभीर गुन्ह्यांतला वरचा वर्ग) आहे, म्हणजे एक वर्षापर्यंत जेल आणि चार हजार डॉलरपर्यंत दंड. मी पाच तास आत होते. बोटांचे ठसे, फोटो, मग जामीन. धाकटी तेव्हा दोन वर्षांची होती.

मी दारूविक्रीच्या प्रशिक्षणाचं सर्टिफिकेट घेतलं होतं, त्यामुळे दुकानमालकाचा दारूचा परवाना वाचला. कायदा तसाच आहे. नोकराला प्रशिक्षण दिलेलं असेल, आपण विकायला भाग पाडलं नसेल, तर मालकाला संरक्षण मिळतं आणि केस काउंटरवरच्या माणसावर राहते. गॅस स्टेशनवर नव्याने लागलेल्या आपल्या मुला-मुलींना मी हे हात जोडून सांगते: रांग कितीही लांब असो, आयडी बघा.

वकिलानं ‘डिफर्ड अ‍ॅडज्युडिकेशन’ घ्यायला लावलं. तुम्ही गुन्हा कबूल करता, पण न्यायाधीश तुम्हाला दोषी ठरवायचं पुढे ढकलतात आणि देखरेखीखाली ठेवतात. मुदत नीट पार पडली की खटला डिसमिस. मार्च २०१० मध्ये तो आदेश झाला. वर्षभर दर महिन्याला हजेरी, साठ तास अन्नछत्रात काम, दंड. मार्च २०११ मध्ये सुटका झाली. वकील म्हणाला, “आता तुमच्यावर काही नाही. तुम्ही कन्व्हिक्टेड नाही.” मी ते वाक्य मनाशी धरून ठेवलं.

परवान्याचा विचार पहिल्यांदा आला तेव्हा मी ऑनलाइन एक सेवा शोधली. रेकॉर्ड पुसून देतो, परवान्याची पात्रता तपासून देतो, अशी तिची जाहिरात होती. १८९ डॉलर भरले. त्यांच्या माणसानं फोनवर दोन गोष्टी सांगितल्या. एक, तुमची नोंद आम्ही पूर्ण पुसून देऊ. दोन, खटला डिसमिस झालाय, तेव्हा प्रत्येक फॉर्मवर डोळे मिटून ‘नाही’ लिहा. दोन्ही चूक होतं. त्या माणसाचं ऐकून मी अर्ज भरला असता तर माझंच नुकसान झालं असतं. पैसे परत मागितले, मिळाले नाहीत. त्या सेवेला शून्य.

पुसून टाकणं, म्हणजे एक्सपंक्शन, हे टेक्सासमध्ये डिफर्ड अ‍ॅडज्युडिकेशनला फक्त क्लास सी, म्हणजे नुसत्या दंडाच्या गुन्ह्यात मिळतं. ए किंवा बी क्लासच्या गुन्ह्याला मिळत नाही. त्याला फार तर नॉनडिस्क्लोजरचा आदेश मिळू शकतो. त्यानं नोंद लोकांपासून झाकली जाते, नाहीशी होत नाही. पोलिसांना आणि बऱ्याच परवाना देणाऱ्या खात्यांना ती दिसतेच. पुसणं आणि झाकणं यांत फरक आहे आणि १८९ डॉलर घेणाऱ्यानं तो सांगायला हवा होता.

सरांच्या क्लासला मी गेले ती ही धास्ती घेऊन. सकाळी आठ वाजता पत्र्याच्या शेडमधली खोली, घड्या घालायच्या खुर्च्या, मागं कॉफीचा मोठा थर्मास. आम्ही एकोणीस जण होतो. माझ्याशिवाय चार बायका. त्यातली एक रात्रपाळीची नर्स, एक गुजराती बेन जिचं मोटेल आहे. सरांनी नाव-गाव विचारायच्या आधी फळ्यावर मधोमध रेघ मारली. डावीकडे ‘टेक्सास’ लिहिलं, उजवीकडे ‘फेडरल’, म्हणजे केंद्राचा कायदा. आणि म्हणाले, “तुमच्यापैकी कुणाला कधीही हातकडी लागली असेल, कितीही वर्षांपूर्वी, तर इथे सगळ्यांसमोर बोलू नका. ब्रेकमध्ये कागद घेऊन माझ्याकडे या. कागद नसेल तर आधी कागद आणा.”

माझ्या खांद्यावरचं ओझं त्या एका वाक्यानं उतरलं. त्यांना हे रोजचं होतं.

चार ते सहा तासांचा वर्ग कायद्यानं ठरलेला आहे आणि विषयही ठरलेले आहेत: बळ कधी वापरता येतं, भांडण हातघाईवर न येऊ देणं, पिस्तूल सुरक्षित हाताळणं, आणि मुलांच्या हाती लागणार नाही असं ठेवणं. (वर्गाचा हा भाग आता ऑनलाइनही करता येतो, नेमबाजी तेवढी समोर द्यावी लागते. पण जुनी केस असेल तर माणसासमोर बसूनच करा.) सुरुवातीला सरांनी या परवान्याची हकिगत सांगितली. १६ ऑक्टोबर १९९१ ला किलीन गावातल्या लुबीज उपाहारगृहात एका माणसानं तेवीस जणांना मारलं. सुझाना हप नावाची बाई आईवडिलांबरोबर तिथे जेवत होती. तिचं रिव्हॉल्व्हर बाहेर गाडीत होतं, कारण तेव्हा ते अंगावर बाळगणं कायद्याला धरून नव्हतं. आई आणि वडील दोघंही गेले. पुढे ती टेक्सासच्या विधानसभेवर निवडून आली. १९९५ मध्ये कायदा झाला आणि १९९६ पासून परवाने सुरू झाले. तेव्हा नाव होतं ‘कन्सील्ड हँडगन लायसन्स’, म्हणजे लपवून बाळगायचा परवाना. २०१६ पासून होल्स्टरमध्ये उघडं बाळगायलाही मुभा आली आणि नाव ‘लायसन्स टू कॅरी’ झालं. जुनी माणसं अजून सीएचएलच म्हणतात. सांगताना सरांचा आवाज बदलला नाही, पण खोलीत कुणी कॉफीचा कप उचलला नाही.

मग फळ्याची डावी बाजू. पुढची माहिती मी वहीत उतरवून घेतली ती देते, कारण मला दोन वर्षं कुणी दिली नव्हती.

टेक्सासमध्ये फेलनीची, म्हणजे मोठ्या गंभीर गुन्ह्याची, शिक्षा झालेल्याला हा परवाना नाही. ए किंवा बी क्लासचा मिसडिमीनर असेल तर अर्जाच्या आधीच्या पाच वर्षांत तो नसावा. पाच वर्षं उलटली की तो आडवा येत नाही. केस अजून चालू असेल तर निकाल लागेपर्यंत थांबायचं. क्लास सी, म्हणजे वेगाचं तिकीट वगैरे, धरत नाहीत. पण त्याला एक अपवाद आहे आणि तो ऐकून खोलीतले दोघं सरसावून बसले: डिसऑर्डर्ली कंडक्ट. पार्किंगमध्ये आरडाओरडा, शिवीगाळ, मारामारी यासाठी मिळालेलं नुसत्या दंडाचं तिकीटसुद्धा पाच वर्षं मोजलं जातं. लोक दंड भरून विसरून जातात. दारू पिऊन गाडी चालवल्याची पहिली केस बी क्लासची असते, तिलाही पाच वर्षं. आणि दारू किंवा ड्रग्जच्या वापराची अशी शिक्षा दहा वर्षांत दोनदा झाली, तर कायदा तुम्हाला व्यसनाधीनच समजतो, मग तुम्ही आता थेंबालाही शिवत नसाल तरी. मुलांच्या पोटगीचे पैसे थकले असतील तरी परवाना अडतो. याचा केसशी काही संबंध नाही, पण क्लासमधल्या एकाचं तिथेच अडलं होतं.

आणि आता माझी ओळ. या परवान्यापुरती टेक्सासच्या कायद्यानं ‘कन्व्हिक्टेड’ या शब्दाची व्याख्या वेगळी केली आहे. तिच्यात डिफर्ड अ‍ॅडज्युडिकेशनही धरलंय, मुदत पुरी होऊन सुटका झाली असली तरी. सरांनी ते फळ्यावर लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या. मार्च २०११ पासून जे वाक्य धरून बसले होते ते माझ्या वकिलाच्या कोर्टात खरं होतं, पण या खिडकीवर खरं नव्हतं. फेलनीत डिफर्ड मिळालं असेल तर आदेशापासून दहा वर्षं झाल्यावर बहुतेकांना सवलत आहे. माणसाला इजा केल्याचे फेलनी गुन्हे, दरोडा, असे काही त्यातून वगळलेले आहेत.

ब्रेकमध्ये मी कागद घेऊन गेले. रिचमंडला काउंटी क्लर्कच्या ऑफिसातून सही-शिक्क्याची नक्कल आधीच आणून ठेवली होती, चार पानं. सरांनी चष्मा लावला, पानं टेबलावर शेजारी शेजारी मांडली आणि बोटानं ओळ न ओळ वाचली. मग म्हणाले, “मॅम, यात तीन तारखा आहेत. पकडलं ती, आदेश झाला ती, सुटका झाली ती. लोक तिसरी तारीख धरून बसतात. तुमची मधली आहे. मार्च २०१०. पाच वर्षं मार्च २०१५ ला संपली.” म्हणजे मी भीत भीत जी दोन वर्षं काढली, ती दोन्ही वर्षं मी पात्रच होते.

“मग लिहायचं का नाही?” मी विचारलं.

“लिहायचं. पात्र आहात म्हणून लिहायचं.”

अर्जात फक्त शिक्षा विचारत नाहीत. कधी पकडलं, कशाचा आरोप होता, त्याचं पुढे काय झालं, अशी सगळी यादी द्यावी लागते, डिसमिस झालेल्यांसकट. आणि अर्जात महत्त्वाची गोष्ट खोटी लिहिली किंवा लपवली, तर तेच परवाना नाकारायचं कारण होतं. माझी २००९ ची केस मला आडवी येत नव्हती, पण ती लपवली असती तर आडवी आली असती. फोनवरच्या त्या माणसानं १८९ डॉलर घेऊन मला हेच करायला सांगितलं होतं. त्याची आठवण झाली की अजून राग येतो.

मग त्यांनी फळ्याची उजवी बाजू माझ्या कागदावर लावून दाखवली. पिस्तूल विकत घेताना दुकानात ४४७३ नंबरचा फेडरल फॉर्म भरतात. त्यात विचारतात, ज्यासाठी न्यायाधीशाला एक वर्षापेक्षा जास्त तुरुंगवास देता आला असता अशा गुन्ह्यात तुम्ही कधी दोषी ठरलात का. क्लास ए ची कमाल शिक्षा एक वर्ष. एक वर्ष म्हणजे एक वर्षापेक्षा जास्त नव्हे. तिथं माझं उत्तर ‘नाही’. एकच घटना, राज्याच्या अर्जावर लिहायची, दुकानातल्या फॉर्मवर ‘नाही’ म्हणायचं, आणि दोन्ही खरं. नागरिकत्वाच्या अर्जात मी तीच केस सगळी लिहिली होती, कारण तिथे कधीही अटक झाली का असा सरळ प्रश्न असतो आणि इमिग्रेशनचा कायदा गुन्ह्याच्या कबुलीवर दिलेलं डिफर्ड शिक्षेसारखंच धरतो. प्रत्येक फॉर्मचा प्रश्न वेगळा असतो. प्रश्न शब्द न शब्द वाचून त्याच प्रश्नाचं उत्तर द्यायचं, एवढं त्या दहा मिनिटांत शिकले.

उजव्या बाजूबद्दल आणखी दोन गोष्टी आपल्या माणसांसाठी मुद्दाम लिहिते.

पहिली घरातल्या मारहाणीची. १९९६ च्या फेडरल कायद्यानं नवरा-बायकोत किंवा घरच्या माणसावर हात उचलल्याची मिसडिमीनर शिक्षा झाली असेल, तर बंदूक बाळगण्यावर बंदी येते. तिथे टेक्सासची पाच वर्षं उपयोगी पडत नाहीत. भांडणात शेजाऱ्यानं पोलीस बोलावले, नवऱ्यानं थप्पड मारली होती, वकील म्हणाला कबूल करून टाका म्हणजे आज संध्याकाळी घरी जाल, आणि त्यानं केलं, अशी घरं मला माहीत आहेत. त्यातला एक जण पंधरा वर्षांनी बंदूक घ्यायला गेला आणि काउंटरवर थांबवला गेला. मी त्याची बाजू घेत नाही. जिच्यावर हात उचलला तिच्या बाजूनं हा कायदा आहे आणि तो असायलाच हवा. पण आपण कशावर सही करतो हे त्या दिवशी त्याला कुणी समजावलं नव्हतं.

दुसरी व्हिसाची. एच-१बी, एफ-१ असल्या नॉनइमिग्रंट व्हिसावर असाल, तर शिकारीचं वैध लायसन्स असण्यासारखे मोजके अपवाद सोडून फेडरल कायदा तुम्हाला बंदूक बाळगू देत नाही. मित्राच्या रँचवर गंमत म्हणून उडवायला गेलात तरी आधी विचारून घ्या. ग्रीन कार्डवाल्यांना ही बंदी नाही.

मोटेलवाल्या बेननी विचारलं, भारतातल्या जुन्या केसचं काय? त्यांच्या दिरावर तिकडे काही होतं. सरांनी एका निकालाबद्दल सांगितलं. गॅरी स्मॉल नावाच्या माणसाला जपानमध्ये बंदुका चोरून आणल्याबद्दल शिक्षा झाली होती, नंतर इकडे येऊन त्यानं पिस्तूल घेतलं. २००५ मध्ये सुप्रीम कोर्टानं पाच विरुद्ध तीननं ठरवलं की फेडरल कायद्यातलं ‘कुठल्याही कोर्टात’ म्हणजे इथलीच कोर्टं, परदेशी नव्हेत. “पण हा निकाल फेडरल बंदीचा आहे,” सर लगेच म्हणाले, “राज्याच्या अर्जात काय लिहायचं ते वकिलाला विचारा, मला नाही.” जे माहीत नाही तिथे थांबणारा शिक्षक मला आवडतो.

हे सगळं ऐकताना मला आमचे आबा आठवत होते. साताऱ्याकडे आमच्या शेतात रानडुकरांचा फार त्रास. आबांकडे पीकरक्षणाचा परवाना आणि ठासणीची बंदूक होती. निवडणूक लागली की ती कापडात गुंडाळून एसटीनं तालुक्याच्या पोलीस ठाण्यात जमा करायला जायचे, आणि निकाल लागल्यावर पावती दाखवून परत आणायचे. पावती ट्रंकेत, आईच्या लग्नातल्या शालूखाली. बांधावरनं शेजाऱ्याशी भांडण झालं तरी आबा हात मागं बांधून उभे राहायचे. कुणी विचारलं तर म्हणायचे, केस झाली तर परवाना जाईल. भारताच्या १९५९ च्या शस्त्र कायद्यातही हिंसेच्या किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात कैद झालेल्याला शिक्षा संपल्यावर पाच वर्षं शस्त्र बाळगता येत नाही. पाच वर्षांचा आकडा दोन्हीकडे दिसला तेव्हा मी वहीत आबांचं नाव लिहून ठेवलं.

दुपारी नेमबाजी. पन्नास गोळ्या: तीन यार्डांवरून वीस, सात यार्डांवरून वीस, पंधरा यार्डांवरून दहा. २५० पैकी १७५ गुण लागतात. मी आयुष्यात पिस्तूल हातात घेतलं नव्हतं, म्हणून सरांनी आधीच्या रविवारी तास दीड तास वेगळा दिला होता, त्याचे चाळीस डॉलर. नवीन असाल तर तो घ्याच. भाड्याचं नऊ एमएमचं पिस्तूल मला वाटलं होतं त्यापेक्षा जड निघालं. पहिल्या गोळीला खांदा आपोआप वर गेला. तिसऱ्या गोळीला रिकामी पुंगळी उडून ब्लाउजच्या गळ्यात पडली आणि भाजली. माझा हात तिकडे वळणार तोच सर मागून शांतपणे म्हणाले, “नळी समोर. भाजू दे. नळी समोर.” मी पिस्तूल खाली टेबलावर ठेवलं आणि मग पुंगळी काढली. डाग अजून आहे. पंधरा यार्डांवर चार गोळ्या काळ्या आकृतीबाहेर गेल्या, तरी २१२ गुण झाले. क्लासला जाणाऱ्यांनी बंद गळ्याचा शर्ट घाला.

अर्धा तारा कुठे कापला तेही लिहिते. मुलांपासून शस्त्र सुरक्षित ठेवण्याचा भाग वीस मिनिटांत उरकला. माझ्या मते दिवसातला तो सगळ्यात महत्त्वाचा विषय होता. तिजोरी कुठली घ्यावी, गोळ्या वेगळ्या कशा ठेवाव्यात, गाडीत काय करावं, हे मला नंतर स्वतः विचारावं लागलं. विचारल्यावर सरांनी सांगितलं, पण न विचारणाऱ्यांचं काय? दुसरं, एकोणीस जणांना नेमबाजीच्या चारच लेन. माझी पाळी यायला पावणेदोन तास उन्हात उभं राहावं लागलं. ज्यांना उभं राहायचा त्रास आहे त्यांनी घडीची खुर्ची न्या. लेखी परीक्षा इंग्रजीत होती आणि दुकानात नेहमी येणाऱ्या एका स्पॅनिश बोलणाऱ्या आजोबांना प्रश्न वाचायलाच वेळ लागला. सर शेजारी बसून राहिले, घाई केली नाही.

पुढचं सगळं सोपं गेलं. डीपीएसच्या (परवाना देणारं राज्याचं सार्वजनिक सुरक्षा खातं) वेबसाइटवर अर्ज, ४० डॉलर फी (२०१७ पर्यंत ती १४० होती), बोटांचे ठसे, सरांनी दिलेलं प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र. अटकेच्या रकान्यात मी तारीख, गुन्हा, कोर्ट, निकाल असं चार ओळींत लिहिलं आणि सही-शिक्क्याची चारही पानं स्कॅन करून जोडली. सबमिटचं बटण दाबायच्या आधी ह्यांना बोलावलं. ह्यांनी मोठ्यानं वाचलं. ‘अल्पवयीन व्यक्तीस मद्यविक्री’. आमच्या घरात ते शब्द पंधरा वर्षांनी पहिल्यांदा मोठ्यानं उच्चारले गेले. धाकटी शेजारच्या खोलीत होती. ती बाहेर आली आणि तिनं विचारलं, “आई, हे कधी झालं?” मग तिला सगळं सांगितलं. ती आता सतरा वर्षांची आहे, शनिवारी आमच्याच काउंटरवर उभी राहते.

पाचव्या आठवड्यात पाकीट आलं. चौकशीचं पत्र नाही, फोन नाही. नुसतं कार्ड.

क्लास महिन्याच्या पहिल्या आणि तिसऱ्या शनिवारी असतो. आमचे धाकटे भाऊजी पुढच्या महिन्यात जाणार आहेत. त्यांचं २०२२ चं डिसऑर्डर्ली कंडक्टचं तिकीट आहे, क्रिकेटच्या मैदानावरच्या भांडणातलं. ते म्हणत होते, दंड भरला, संपलं. मी तारीख बघितली आणि त्यांना अर्ज करायला २०२७ पर्यंत थांबायला सांगितलंय. क्लास मात्र आत्ताच करणार आहेत, आणि तिकिटाची सही-शिक्क्याची नक्कल आणायला बुधवारी रिचमंडला मीच त्यांच्याबरोबर जाणार आहे.